भिंतीसाठी फ्लॅश

“कॅमेरो जपानी, चेडूं मुकें, आनी आमकां इंग्लीश येना. आतां कोणें कोणाक विचारचें?”

गोव्यातल्या साखळी गावच्या बाजारातल्या फोटो स्टुडिओचा मालक पडद्याआड जाऊन आपल्या बायकोला हे सांगत होता. पडदा म्हणजे जुनी चादर. शब्द न् शब्द काउंटरपाशी पोचत होता. बायको हसली आणि म्हणाली, “हळू उलय. तोंड ना म्हूण कान नात कशे?”

चेडूं म्हणजे मुलगी, म्हणजे मीच. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. समोरच्या काचेखाली लावलेले नवरा-नवरीचे फोटो ते एकेक करून बघत राहिले. दुकानात शिरताना ते मला म्हणाले होते, “कॅमेरा तू वापरतेस, तर काय हवं ते तूच विचार.” मी तो पिशवीतून काढून काउंटरवर ठेवला होता, आणि त्यापुढे माझी मजल गेली नव्हती.

मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. माझी शाळा इंग्रजी. घरात आम्ही कोंकणी बोलायचो, आरती मराठीत म्हणायचो, आणि बाबांचं मराठी वर्तमानपत्र ते ऑफिसला गेले की मी शेवटच्या पानापासून वाचून काढायची. एवढं सगळं येत असूनही परक्या माणसापुढे माझ्या तोंडून काही निघत नसे. वर्गात बाईंनी प्रश्न विचारला की उत्तर यायचं, पण ते उच्चारायच्या आत दुसरी कोणी तरी देऊन मोकळी व्हायची. त्या वर्षी तर भोवतालचे सगळेच बोलत होते. गोवा नुकतंच घटक राज्य झालं होतं, भाषेचा कायदा झाला होता, आणि बसच्या थांब्यापासून डॉक्टरच्या दवाखान्यापर्यंत लोक एकमेकांना विचारत, तुमची मातृभाषा कुठली. पुलाच्या कठड्यावर एका बाजूला डांबराने मराठी लिहिलेलं असे, दुसऱ्या बाजूला कोंकणी, आणि दोन्हींवर पावसाने शेवाळ चढवलेलं. अशा दिवसांत गप्प राहणारी मुलगी कोणाच्या नजरेत येत नाही. मला ते सोयीचं होतं.

कॅमेरा आमच्याकडे आला तो खाणीमुळे. बाबा डिचोलीजवळच्या एका खाणीच्या ऑफिसात होते. आमच्या डोंगरांचं लोखंड जहाजांतून जपानला जाई, आणि माल तपासायला तिकडून माणसं येत. त्यांतले एक वयस्क गृहस्थ दोन-तीनदा आमच्या घरी जेवले. आई पानात वाढायला आली की ते बसल्या जागी कमरेतून वाकून नमस्कार करत. मग आईलाही वाकावं लागे. त्या दोघांचं वाकणं संपेपर्यंत भाजी गार होई. शेवटच्या खेपेला जाताना त्यांनी गळ्यातला कॅमेरा काढून बाबांच्या हातात दिला. सोबत माहितीपुस्तक होतं, सगळं जपानी लिपीत. आम्ही त्यातली चित्रं तेवढी बघितली.

बाबांनी त्यात खाणीचे आणि लग्नाकार्यांचे फोटो काढले, आणि हळूहळू तो माझा झाला. त्या जातीच्या कॅमेऱ्याला रेंजफाइंडर म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. डोळा लावला की मधोमध एक फिकट पिवळा चौकोन दिसतो, आणि त्या चौकोनात प्रत्येक गोष्ट दोनदा असते. तुळशीकडे बघितलं तर एका तुळशीतून दुसरी बाहेर सरकलेली. भिंगाभोवतीचं कडं फिरवत नेलं की ती दुसरी तुळस हळूहळू चालत येते आणि पहिलीत शिरते. ज्या क्षणी दोन्ही एक होतात, त्या क्षणी ती तुळस इतकी स्वच्छ, इतकी तिथेच असते, की मी कितीदा तरी बटण दाबायचं विसरून नुसती बघत बसले आहे. फिल्म नसतानाही मी तो डोळ्याला लावून घरभर फिरायची. आई म्हणायची, “पुरे गो, डोळो पडतलो.”

फ्लॅश मात्र आमच्याकडे नव्हता. तो घ्यायला आम्ही आलो होतो, आणि तो एका भिंतीसाठी हवा होता.

आमची कुलदेवता पेडणे तालुक्यातल्या एका गावात आहे. गाव लहान, देऊळ मध्यम. गर्भगृहाभोवती प्रदक्षिणेची अरुंद वाट आहे. पूर्वी ती उघडी होती, मग कधीतरी वर कौलं घालून, बाहेरून भिंत बांधून ती झाकली, आणि जी मूळची बाहेरची भिंत होती ती आतली झाली. तिथे खिडकी, आमच्याकडे म्हणतात तसं जनेल, एकही नाही. तेव्हा दुपारी बारालाही काळोख असे. त्यामुळे सगळे जण उजवा हात भिंतीवर टेकवून, चाचपत प्रदक्षिणा करत. पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी कमरेच्या उंचीवर भिंत गुळगुळीत झाली आहे. लहानपणी मला वाटायचं, देवळाच्या भिंती अशाच असतात, मऊ.

त्या वर्षी वैशाखात मी बऱ्याच वर्षांनी गेले तेव्हा उंच झाले होते आणि माझा हात गुळगुळीत पट्ट्याच्या वर टेकला. बोटांना खाचा लागल्या. वळणं घेत जाणाऱ्या, एकमेकींत मिसळणाऱ्या बारीक खाचा. मी थांबले, मागची काकी माझ्या पाठीवर आदळली आणि म्हणाली, “चल गो, देव वाट पळयता.” प्रदक्षिणा संपल्यावर मी बाबांची टॉर्च घेऊन परत गेले. उजेडाच्या बशीएवढ्या गोलात एक डोळा दिसला. घोड्याचा. काजळी आणि तेलाच्या थराखालून तो सरळ माझ्याकडे बघत होता. टॉर्च हलवली तर डोळा गेला आणि खूर आला. खूर गेला आणि पान आलं. तुकड्यांचा एकमेकांशी संबंध लागत नव्हता.

बाबांना विचारलं तर ते म्हणाले, “कावीचं काम असणार. ओल्या चुन्यावर तांबडी काव चढवायची आणि सुकायच्या आत टोकदार हत्याराने खरवडायची. खालचा पांढरा उघडा पडतो, तेच चित्र.” त्यांनी ते दुसऱ्या देवळांत बाहेरच्या भिंतींवर पाहिलं होतं. आपल्या देवळात ते आहे हे त्यांना माहीत नव्हतं. मुंजीपासून ते त्या भिंतीला हात लावत होते.

आणि त्याच खेपेला कळलं होतं की देवळाचं काम निघणार आहे. मुंबईला स्थायिक झालेल्या एका कुटुंबाने टाइल्स कबूल केल्या होत्या. पांढऱ्या, पुसायला सोप्या. दिवाळी झाली की प्रदक्षिणेच्या वाटेतल्या जुन्या भिंतीचा थर छिन्नीने टोचून काढायचा, गिलावा करायचा आणि खांद्यापर्यंत टाइल्स बसवायच्या. कोणाचा विरोध असायचं कारणच नव्हतं. काळी, तेलकट, डोळ्यांना न दिसणारी भिंत. ती जाणार म्हणून कोण रडणार?

“निदान फोटो तरी काढून ठेवू,” बाबा म्हणाले. माझ्या मनात त्याहून जास्त होतं. मला वाटत होतं, एकदा लोकांना ती दिसली की कोणी तिला छिन्नी लावणार नाही. दिसत नाही एवढाच तिचा अपराध. मी हे बाबांना सांगितलं नाही.

तर, साखळीच्या त्या दुकानात मालक पडद्याबाहेर आला आणि त्याने काउंटरवर तीन फ्लॅश मांडले. पहिला लग्नाच्या फोटोंचा, हातात धरायच्या दांड्याचा, खांद्याला अडकवायची बॅटरीची पेटी असलेला. रुबाबात पहिला नंबर त्याचा. बाबांचे डोळे त्याच्यावर गेले. पण मालक स्वतःच म्हणाला, “हो तुमच्या कॅमेऱ्याक नाका, पात्रांव. हाचो करंट व्हड. नाजूक कॅमेऱ्याच्या पोटांत वचत जाल्यार कॅमेरो मरतलो.” आणि त्याने आपलं बोट दाखवलं, जणू झटक्याची खूण अजून तिथे होती.

दुसरा नवा, छोटा, साबणाच्या वडीएवढा. कॅमेऱ्याच्या माथ्यावर सरकवला की झालं. तो मला आवडला. मालकाने तो आमच्या कॅमेऱ्याच्या माथ्यावरच्या खाचेत सरकवला, बटण दाबलं, आणि काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. त्याने कॅमेरा डोळ्यांजवळ नेला. खाचेत मधोमध जो विजेचा ठिपका असावा लागतो तो आमच्याकडे नव्हताच. आमच्या खाचेचं काम नुसतं धरून ठेवायचं. वीज जायला बाजूला, भिंगाशेजारी, एक बारीक भोक होतं. माहितीपुस्तकाच्या चित्रात त्या भोकातून निघालेली वायर मी कितीदा पाहिली होती आणि ती कशाची हे मला कळलं नव्हतं. मी बोट ठेवून ते भोक दाखवलं.

“तशें सांग मगे,” मालक म्हणाला, “वायरीचो जाय.”

तिसरा वायरीचा होता. जुना, करड्या रंगाचा, मागे चकती, आणि कुरळ्या केसासारखी गुंडाळलेली वायर. दिसायला अगदी गरीब. वायरीचं टोक आमच्या भोकात असं बसलं की आवाज आला. मालकाने भिंगाजवळची एक कळ दाखवली. तिला दोन जागा होत्या, एकीवर एम, दुसरीवर एक्स.

“एम म्हणजे मराठी आनी एक्स म्हणजे कोंकणी?” त्याने बाबांना विचारलं. त्या दिवसांत कुठलाही विनोद शेवटी तिथेच जाऊन पोचे.

बाबा आमच्या आळीतले कट्टर मराठीवाले. ते गंभीरपणे म्हणाले, “मग आमच्या घरात एमच.”

“ठेव गो बाय, एमाचेर ठेव.”

मी एमवर ठेवली. मालकाने कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं. आत फिल्म नव्हती. “आतां फाटल्यान डोळो लाय आनी वणटीकडेन पळय,” तो म्हणाला. मी फिल्म असते त्या जागेला डोळा लावला आणि समोरच्या चुना फासलेल्या भिंतीकडे भिंग केलं. बटण दाबलं. फ्लॅश लखलखला, दुकान उजळलं, बायको पडद्याआडून “अरे देवा” म्हणाली, पण मला भिंगातून काही दिसलं नाही. काळंच. उजेड पडून गेल्यावर कॅमेऱ्याच्या आतला पडदा उघडला होता. दोघांची गाठ पडली नव्हती.

मी न विचारता कळ एक्सवर ढकलली, फ्लॅशच्या मागचा लाल दिवा लागेपर्यंत थांबले आणि पुन्हा दाबलं.

मला जे दिसलं ते मी अजून नीट सांगू शकत नाही. भिंगाच्या पोटात एक पूर्ण, पांढरा, गोल उजेड. चंद्रासारखा नाही; चंद्राला कडा मऊ असतात. हा काठाकाठाने भरलेला होता, आणि होता म्हणेपर्यंत नव्हता. उघडणं आणि लखलखणं या दोन गोष्टी, दोन वेगळ्या देशांत, दोन वेगळ्या कारखान्यांत केलेल्या, इतक्या छोट्या निमिषात एकमेकींना सापडल्या होत्या. मी मान वर केली. मी कॅमेरा बाबांकडे दिला. त्यांनीही डोळा लावला, मी दाबलं, आणि ते बराच वेळ डोळा काढेनात.

“एक्स,” शेवटी ते म्हणाले. “घरांत कोणाक सांगूं नाका.”

मालक इतका हसला की त्याने वायर लांब करून द्यायचं कबूल केलं. ती लांबी मी मागितली नव्हती, बाबांनी मागितली. का, ते नंतर कळलं. छोट्या फ्लॅशसारखा कॅमेऱ्याच्या डोक्यावरून उजेड सरळ भिंतीवर मारला तर खाचा दिसणार नाहीत, तेलाची चकाकीच तेवढी दिसेल. खाणीच्या नकाशांसाठी बाबांनी दगडांचे फोटो काढले होते, तेव्हा सकाळच्या तिरप्या उन्हाची वाट बघत बसायचे. तिरपा उजेड पडला की दगड आपलं अंग दाखवतो, असं ते म्हणत. काळोखातल्या भिंतीसाठी तिरपं ऊन हातात धरून न्यायचं होतं. गरीब दिसणारा तो वायरीचा फ्लॅशच आमच्या कामाचा निघाला.

गणपती होऊन गेल्यावर एका रविवारी आम्ही म्हापशाला बस बदलून पेडण्याला आणि तिथून गावात गेलो. देवळाचे भट बाबांच्या वयाचे. देवळात कॅमेरा चालत नाही हे त्यांनी आधी सांगितलं. मग भिंतीचं ऐकून घेतलं. मग पंच्याने मान पुसली.

“देवाक दिवटी चलता,” ते म्हणाले, “पावसांत जोगूल मारता, वीज पडटा, तेंय चलता. मग हें कित्याक चलचें ना? पूण धनपारां काडा, देव आराम करतना. दार बंद करतां हांव.”

दुपारी दार बंद झालं. आम्ही अनवाणी वाटेत शिरलो. जमीन गार आणि किंचित ओली होती, आणि तिथे तेलाचा, वटवाघळांचा आणि जुन्या फुलांचा मिळून एक वास होता. मी मागच्या भिंतीला पाठ टेकवली तरी समोरची भिंत हाताच्या टप्प्याहून फार दूर नव्हती. कॅमेरा डोळ्याला लावला तर काळोख. पिवळा चौकोन होता, पण त्यात दोनदा दिसायला काही नव्हतं. माझा धीर सुटला. एवढं सगळं करून मी हे विसरले होते, की नेम धरायलाही उजेड लागतो.

भटांनी आतून निरांजन आणलं. ते त्यांनी भिंतीजवळ धरलं आणि चौकोनात दोन ज्योती आल्या. एक स्थिर, एक तिच्यापासून बोटभर बाजूला, दोघी एकदमच थरथरणाऱ्या. मी कडं फिरवलं. दुसरी ज्योत चालत आली. पहिलीत शिरली. एक ज्योत. तिच्या मागे भिंतीच्या दोन-चार खाचा सोन्याच्या तारेसारख्या उजळल्या होत्या.

“दिवो काडा,” बाबा म्हणाले. भटांनी निरांजन पाठीमागे घेतलं. बाबा वायर पोचेल तितके बाजूला सरकले आणि हात लांब करून फ्लॅश भिंतीला लागूनच तिरपा धरला. लाल दिवा लागला. मी बटण दाबलं.

भिंत आली. मला दुसरं क्रियापद सुचत नाही. टोकापासून टोकापर्यंत, जमिनीपासून कौलांपर्यंत, तांबडी आणि पांढरी, ती एकदम आली आणि गेली. आणि काळोखात, माझ्या मिटल्या डोळ्यांच्या आत, ती हिरवी होऊन उभी राहिली. घोडेस्वारांची रांग होती. वर माड होते, त्यांच्या झावळ्यांत पक्षी. एक शिडांचं जहाज होतं, त्यात टोपीवाली माणसं बसली होती आणि खालून मासे तोंड वर काढून त्यांच्याकडे बघत होते. कोपऱ्यात एक बाई पाण्याची कळशी घेऊन चालली होती, आणि ती कोणाकडेच बघत नव्हती.

हिरवी भिंत विझत गेली. फ्लॅश आपल्याशीच बारीक शीळ घालत पुन्हा भरत होता.

“परत मार,” भट म्हणाले.

मी मारला. तिसऱ्यांदा मी कॅमेरा डोळ्याला लावलाच नाही, नुसतं बटण दाबून बघितलं. त्यानंतर फिल्म किती उरली याचं भान तिघांनाही नव्हतं. भट दर वेळी नवीन काही सांगत. “मोर आसा.” “हो कोण, ढोल बडयता तो?” “थंय पळय, कुत्रो.” त्यांचे वडील, आजोबा, पणजोबा त्याच वाटेने रोज सकाळी ओल्या पंच्याने गेले होते. बाबांनी मात्र फ्लॅश धरलेला हात तसाच लांब ठेवला होता आणि दुसऱ्या हाताचा तळवा भिंतीवर, लहान मुलाच्या पाठीवर ठेवावा तसा ठेवला होता. एका लखलखाटात मला त्यांचा चेहरा दिसला. त्यांचं तोंड किंचित उघडं होतं. देवापुढे उभे असतानाही मी त्यांना तसं पाहिलं नव्हतं.

फोटो धुऊन आले तेव्हा स्टुडिओच्या मालकाने ते पाकिटात घालून दिले नाहीत, काउंटरवर ओळीने मांडून ठेवले. फिल्म काळीपांढरी होती, तांबडा रंग काळा होऊन आला होता, पण बाबांच्या तिरप्या उजेडाने प्रत्येक खाच उठून दिसत होती. काही फोटोंत तेलाच्या चकाकीने घोड्याचं डोकं पुसलं गेलं होतं. तरी कडेकडेने लावले की भिंत होत होती. “हें आमचें?” त्याने विचारलं. बाबांनी होकारार्थी मान हलवली. त्याची बायको पडद्याआडून बाहेर आली आणि मासे बघून हसली.

दिवाळीच्या आधी देवळाच्या महाजनांची, म्हणजे ज्या घराण्यांचं देऊळ आहे त्यांची, सभा होती. सभामंडपात पुरुष चटयांवर बसले होते. बायका येत नसत असं नाही, पण आल्या तर खांबांपलीकडे. मी खांबाला टेकून उभी राहिले. टाइल्सचं ठरलेलंच होतं. वेळ गेला तो देणगीदाराच्या नावाच्या पाटीवर.

“पाटी मराठींत जाय. देवाची आरती खंयचे भाशेंत म्हणटात?”

“आनी गाराणें खंयचे भाशेंत घालतात? देव कोंकणी समजना जाल्यार इतलीं वर्सां आयकतालो कितें?”

“इंग्लिशींत बरयात,” मागून कोणी तरी म्हणालं. “म्हणजे कोणाकूच कळचें ना आनी झगडें मिटलें.”

सगळे हसले. त्या हशात बाबांनी फोटो पुढे सरकवले. ते हातोहात गेले. आवाज कमी होत गेला. म्हाताऱ्या माणसांनी चष्मे पुसले. एकाने विचारलं, हे कुठलं देऊळ. भटांनी अंगठ्याने पाठीमागे खूण केली तेव्हा तो उठून काळोख्या वाटेच्या तोंडापर्यंत जाऊन आला. मला वाटलं, झालं. भिंत दिसली.

अध्यक्षांनी शेवटचा फोटो बराच वेळ हातात धरला. मनापासून धरला, हे मी शपथेवर सांगेन. मग ते म्हणाले, “सोबीत. भोव सोबीत. बायेन भिंत राखली. आतां हे फोटो व्हड करून, फ्रेम करून टाइल्सांचेर लावया. वणट काळी पडटा, फोटो पडचो ना.”

माना डोलल्या. मघाशी उठून बघून आलेला माणूसही “बरें जालें, वेळार काडले” असं म्हणाला. कोणाच्या मनात पाप नव्हतं. फोटो होता, म्हणजे भिंत होती. मग ती तिथे कशाला हवी? माझ्याच फोटोंनी छिन्नीची वाट मोकळी करून दिली होती.

बाबा अर्धवट उठून म्हणाले, “पण...”

“पूण कितें रे? देवान कौल दिला,” अध्यक्ष म्हणाले. “वैशाखांत प्रसाद घेतलो. उजवी पाकळी पडली. सगल्यांनी पळयली.”

ते खरं होतं. आमच्याकडे देवळाचं कुठलंही काम देवाला विचारल्याशिवाय होत नाही. ओल्या पाकळ्या मूर्तीला लावायच्या, गाऱ्हाणं घालून प्रश्न मांडायचा, आणि उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी त्या दिवशी तिथेच होते. भटांनी गाऱ्हाणं घातलं ते मी ऐकलं होतं: लेकरं देवळाचं काम काढताहेत, ते बऱ्यापणाने पार पडू दे. एवढंच. आणि ज्यांना हे माहीत आहे त्यांना हेही माहीत असतं, की देव विचारलं तेवढ्याचंच उत्तर देतो. विहीर खणायची तर जागेचं वेगळं विचारतात, दिवसाचं वेगळं. मुलीचं लग्न करावं का हे एक, आणि ह्या घरात करावं का हे दुसरं. एका होकारात दोन कामं घुसवणाऱ्याला गावात शहाणा म्हणत नाहीत. त्या मंडपात बसलेल्या प्रत्येकाला हे माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. फक्त भिंत ही विचारायची गोष्ट आहे, हे वैशाखात कोणाला माहीत नव्हतं.

बाबा खाली बसले. फोटो गोळा होऊ लागले. कोणी तरी पुन्हा पाटीचा विषय काढला. मी बाबांकडे पाहिलं, भटांकडे पाहिलं. भट चटईचा काठ बोटाने सोलत होते. कोणी बोलेल म्हणून मी थांबले. वर्गात नेहमी कोणी तरी बोलायचंच.

पाकळीने पुढे काय सांगितलं ते प्रदक्षिणा करणाऱ्याला आज डोळ्यांनी दिसतं. तिथे आता दिवा लावला आहे, घोड्याच्या त्या डोळ्यासमोर. पण त्या दुपारी ते कोणालाच माहीत नव्हतं. मला एवढंच आठवतं की मी खांब सोडला, आणि सगळ्या चटया माझ्याकडे वळल्या, आणि माझा आवाज मला वाटत होता त्यापेक्षा खूप मोठा होता.

“देवाक कामाचें विचारलां,” मी म्हटलं. “भिंतीचें कोणेंच विचारूंक ना. तिचें वेगळें विचारा.”